ठेवला कुणी?

रस्त्यात दगड ठेवून निघून जाणाऱ्या माणसाला मी जन्मात माफ करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी एसटीत कंडक्टर आहे. धाराशिव-बेंबळी ही माझी लाईन. या रस्त्यावर रोज काय काय बघावं लागतं त्यानं डोकं तसंही तापलेलंच असतं, पण मधोमध धोंडा दिसला की तळपायाची आग मस्तकात जाते. उसाची ट्रॉली पंक्चर होते. ड्रायव्हर खाली उतरतो, चाक घरंगळू नये म्हणून धोंडे आणून टायरला लावतो, अजून दोन-चार मागं रस्त्यात मांडतो, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं. इथपर्यंत शहाणपणच आहे. मग टायर बदलतो, हात पुसतो, तंबाखू मळतो, तोंडात टाकतो आणि जातो. धोंडे तिथंच! याचं काम झालं ना, मग मागचा मरेना का! शिकलेला घ्या, अडाणी घ्या, चाकाला दगड लावायला सगळ्यांना येतं. उचलायची वेळ आली की सगळ्यांचे हात मोडतात.

आमच्या बिराजदार बाई अशा दगडाला बेवारशी म्हणू द्यायच्या नाहीत. "बाप हाय त्याला," म्हणायच्या, "बाप नाव लावत न्हाई, एवढंच."

बाई आम्हाला बेंबळीच्या शाळेत विज्ञान शिकवायला होत्या. माहेर उमरग्याच्याही पलीकडं, अगदी सीमेवरचं, त्यामुळं राग आला की मराठीतनं सरळ कानडीत जायच्या. "सुम्नं कूड!" म्हणजे गप बस, एवढं कानडी शाळेतल्या प्रत्येक पोराला येत होतं. अंगानं बुटक्या, पण आवाज असा की आठवीच्या वर्गात बोलल्या की पाचवीची पोरं नीट बसायची. सुती साडी घोट्याच्या वर आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बाकीच्या मॅडम तोंडाला पदर लावून हसायच्या. बाई तोंडावर सांगायच्या, "तुमच्या गुळगुळीत चपलेला घर्षण न्हाई. पडलात तर मला हाक मारू नका."

आठवीत जडत्वाचा धडा आला. बाईंनी पुस्तक मिटलं आणि टेबलावर हात आपटला. "वस्तूला हट्ट असतो. बसली असंल तर म्हणती, बसूनच राहीन. चालली असंल तर म्हणती, चालतच राहीन, त्याच वेगानं, त्याच दिशेनं. ह्या हट्टाला जडत्व म्हणायचं. हट्ट मोडायचा तर बाहेरनं बल लागतं. आपणहून काय बी होत न्हाई. लिवा! जगात आपणहून काय बी होत न्हाई." आम्ही तेही लिहून घेतलं, आणि सहामाहीच्या पेपरात अर्ध्या वर्गानं तेच लिहिलं.

मग म्हणाल्या, चला बाहेर. पटांगणात हेडसरांची जुनी चारचाकी उभी असायची. तिचा सेल्फ कायमचा गेलेला, धक्का दिल्याशिवाय चालू व्हायची नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बाईंनी सरांना न विचारता दार उघडलं, गिअर काढला आणि आम्हाला मागं लावलं. "ढकला! न्याहारी केली न्हाई का?" आम्ही जीव खाऊन ढकलतोय आणि गाडी जागची हलेना. "बघा, किती हट्टी हाय! वस्तुमान जास्त, हट्ट जास्त!" मग एकदा हलली आणि हलली ती चालायलाच लागली. पुढं खोखोच्या खांबाकडं उतार. बाई ओरडल्या, "आता थांबवा!" आम्ही मागनं धरून ओढतोय, गाडी आम्हालाच ओढत घेऊन चाललीय. बाईंनी स्वतः बंपर धरला, तर त्यांचे ते घर्षणवाले बूट मातीत दोन रेघा काढत गेले.

त्या दिवशी गाडी बालाजीनं थांबवली. बालाजी आमच्याच वर्गात होता. घरी ट्रॅक्टर, त्यामुळं गाडीघोड्याची सवय, अंगानं दणकट, डोक्यानंही चलाख. त्यानं कडेचा एक धोंडा उचलला, पळत पुढं गेला आणि चाकाखाली सारून बाजूला उडी मारली. गाडी गचकन थांबली. हेडसर तोवर धोतर सावरत आले. "अहो बाई, ही काय शिकवायची पद्धत झाली?"

"सर, गाडी बी शाबूत हाय आणि धडा बी पक्का झाला. आता चावी लावा, पोरं हायतच, धक्का मारून देतो."

गाडी चालू झाली, सर गेले, आम्ही बालाजीला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. बालाजी छाती काढून वर्गाकडं निघाला, तेवढ्यात बाईंनी मागनं त्याची कॉलर धरली. पटांगणात मधोमध तो धोंडा पडला होता.

"ठेवला कुणी?"

"म्या, बाई."

"मग उचलायचा कुणी?"

बालाजीनं इकडंतिकडं बघितलं. "म्या."

"उचल. जिथनं आणलास तिथं नेऊन ठेव."

त्यानं नेऊन ठेवला. तेव्हापासून ते शाळेचं वेडच झालं. खडू पडो, डबा पडो, कुणीतरी ओरडायचं "ठेवला कुणी?" आणि सगळा वर्ग "उचल!" म्हणायचा. आज बेंबळीत चाळिशीला आलेली कितीतरी माणसं आहेत ज्यांना हे पाठ आहे. पाठ आहे, म्हणूनच मला जास्त संताप येतो.

पुढं मी एसटीत लागले. पहिल्या दिवशी तिकिटं काढत उभी होते, ड्रायव्हर जाधवकाकांनी ब्रेक मारला आणि मी मशीनसकट एका फेटेवाल्या आजोबांच्या मांडीवर. गाडी हसून हसून बेजार. मागच्या सीटवरनं ओळखीचा आवाज आला, "सुरेखे! पाय जोडून काय उभी राहतीस? एक पुढं, एक मागं! गाडी थांबली तरी तुझं अंग थांबत नसतंय!" बाई धाराशिवला राहायच्या, रोज आमच्याच गाडीनं शाळेला यायच्या. त्या दिवसापासून मी तशीच उभी राहते, एक पाय पुढं, एक मागं, आणि आजवर कुणाच्या मांडीवर बसलेली नाही.

सकाळी त्यांना स्टॅंडवर सोडायला आप्पा यायचे, त्यांचे मालक. भांड्यांचं छोटं दुकान होतं त्यांचं. माणूस अगदी शांत. स्कूटर लावायचे, बाई खिडकीत बसल्या की डब्याची पिशवी खालनं वर द्यायचे आणि गाडी हलेपर्यंत उभे राहायचे. बाई खिडकीतनं कायतरी सुनावतच असायच्या, आप्पा मान हलवत ऐकायचे. मी एकदा म्हणाले, "आप्पा, तुम्ही कधी उलटं बोलत न्हाई का हो?" तर म्हणाले, "तिला बोलायला आवडतं, मला ऐकायला. जमलं की मग."

गाडी थांबायच्या आत उडी मारणाऱ्यांवर बाईंचा भारी राग. एकदा कडक इस्त्रीतला एक जण फाट्यावर ऐटीत उतरला आणि चार पावलं पळून धुळीत पालथा. बाई खिडकीतनं, "पाय थांबले, अंग थांबलं न्हाई! आठवीत नापास झाला हुतास का रे?" तो कपडे झटकत म्हणाला, "न्हाई बाई, तुमीच पास केलं हुतं." सगळी गाडी हसली. बाई नाही हसल्या. "चुकलंच माझं," म्हणाल्या.

आणि दगड! रस्त्यात दगड दिसला की बाई उठून घंटीची दोरी ओढायच्या. आता दोरी ओढायचा हक्क कंडक्टरचा, पण बाईंना सांगणार कोण? जाधवकाका कपाळाला हात लावायचे, गाडी थांबवायचे. बाई उतरायच्या, साडी खोचायच्या आणि दगडाला भिडायच्या. मोठा असला की मी उतरायचे. भरलेल्या गाडीतला एक बाप्या उतरायचा नाही. वरनं एक जण म्हणाला, "बाई, उशीर हुतोय, रस्ता काय तुमच्या बापाचा हाय का?" बाई तिथनंच गरजल्या, "व्हय, बापाचाच हाय. उतर खाली, धर एका बाजूनं!" तो उतरला नाही. खिडकीची काच मात्र लावून घेतली.

आता पुढचं ऐका.

उसाचा सीझन चालू होता. त्या दिवशी शाळेत संध्याकाळचा कार्यक्रम होता, शेवटची गाडी बाईंना मिळणार नव्हती, म्हणून आप्पा स्कूटरवरनं त्यांना आणायला निघाले. दिवस मावळतीला आलेला, तोंडावर ऊन. फरशी पुलाच्या अलीकडं उतार आहे, तिथं रस्त्यात धोंडे होते. स्कूटर धोंड्याला आपटून जागच्या जागी थांबली. आप्पा थांबले नाहीत.

त्याच जागी दुपारी बालाजीची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. दुपारच्या फेरीला मी या डोळ्यांनी बघितली होती. बालाजी जॅक लावत होता, मी दारातनं हातही केला होता. पंचनामा करायला आलेल्या साहेबांना मी जाऊन तसं सांगितलं. ते म्हणाले, "ट्रॉली उभी होती हे बघितलं. दगड त्यानंच सोडला हे बघितलं का?" आता दुपारी माझी ड्युटी संपली, मी कुठनं बघणार? त्यांनी लिहून टाकलं, स्कूटरवरचा ताबा सुटला. आणि गावात विचाराल तर कुणी काही बघितलंच नव्हतं. ज्या गावात कुणाच्या चुलीवर काय शिजलं ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं, त्या गावाला उसानं भरलेली ट्रॉली दिसली नाही! का, तर बालाजीचा चुलता गावातलं मोठं प्रस्थ. त्याच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नाही. थू असल्या जिण्यावर!

बाईंच्या घरी माणसं भेटायला येत होती. मी कोपऱ्यात बसले होते. गावातले एक म्हातारे सुस्कारा टाकून म्हणाले, "वेळ आली व्हती, बाई. यमाला नुस्तं निमित्त लागतंय."

बाई तोवर भिंतीला टेकून बसलेल्या. ताडकन उठल्या. "यमानं टायर बदललं का हो? जॅक यमाचा हुता का? रेड्याला ट्रॉली जुपून आला हुता का यम?"

तेवढ्यात चुलत्याबरोबर बालाजी दारात आला. चुलता पुढं, बालाजी मागं, मान खाली. त्यानं वाकून बाईंच्या पायाला हात लावायला घेतला. बाईंनी पाय मागं ओढले.

"पाया पडू नको. ठेवला कुणी, ते सांग."

बालाजीचे ओठ हलले, मी बघितले. पण चुलत्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाई दुःखात हायत. चल, नंतर येऊ." दोघं निघून गेले. बाई मला म्हणाल्या, "बघितलंस? पोरगं हलणार हुतं. उलट्या दिशेनं बल लागलं."

त्यांना काय पाहिजे होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्याला तुरुंगात घालायचं नव्हतं, भरपाई नको होती. "त्यानं तोंडानं म्हणावं, म्या ठेवला. बास. न्हाईतर आप्पा आपणहून मेले असा अर्थ हुतो, आणि जगात आपणहून काय बी होत न्हाई."

तेराव्यानंतर बाई पुन्हा गाडीत. आता सोडायला कुणी नव्हतं, डब्याची पिशवी मी वर घ्यायचे. शाळेची पोरं गाडीत सांगत होती, बाईंनी जडत्वाचा धडा गाळला नाही, उदाहरण म्हणून स्कूटर घेतली, आणि शेवटी विचारलं "ठेवला कुणी?" तर पहिल्यांदाच वर्गातनं कुणी ओरडलं नाही.

मग तो एक नेमच झाला. रस्त्यात बालाजीचा ट्रॅक्टर दिसला की बाई खिडकीतनं अर्ध्या बाहेर. "बालाजी! ठेवला कुणी?" बालाजी समोर बघत राहायचा आणि टेपचा आवाज वाढवायचा. तो सीझन गेला, पुढचा आला, बाईंचं चालूच. लोक कुजबुजायला लागले, बाईचं डोकं फिरलंय. फिरलेलं यांचं, आणि नाव बाईंचं! एक मास्तरीणबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "झालं गेलं गंगेला मिळालं, आता सोडून द्या." बाई म्हणाल्या, "गंगेला न्हाई मिळालं. सडकंवरच पडलंय अजून." मी मनात म्हणाले, शाब्बास.

बाई रिटायर झाल्या तो दिवस आला. शाळेत सत्काराचा कार्यक्रम. आणि प्रमुख पाहुणा कोण, तर बालाजीचा चुलता! मी दुपारच्या फेरीच्या मधल्या वेळात जाऊन मागं उभी राहिले होते, माझ्या तर मुठी वळल्या. त्या माणसानं बाईंच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माईकवर म्हणाला, बाईंनी आमच्या गावाला वळण लावलं. टाळ्या पडल्या. बाई बोलायला उठल्या. "वळण बिळण काय न्हाई," म्हणाल्या. "एकच धडा जन्मभर शिकवला. एका पोराला तो आला न्हाई. आला असता तर आज माझी पिशवी धरायला आप्पा असते." आणि खाली बसल्या. चुलता मोबाईल बघायला लागला.

त्या माझ्याच गाडीनं धाराशिवला निघाल्या. दुसऱ्या दिवशी सामान हलवून लेकीकडं उमरग्याला कायमच्या जायच्या होत्या. अंगावर शाल, मांडीवर नारळ. फरशी पुलाच्या उताराला गाडी हळू झाली. पुढं उसाची ट्रॉली अर्ध्या रस्त्यात उभी होती, मागचं चाक बसलेलं, रस्त्यात धोंडे मांडलेले. बालाजी उकिडवा बसून नट काढत होता.

बाईंनी दोरी ओढली.

"बाई, गाडी थांबायची न्हाई तुमच्यासाठी. मागनं लाईन लागलीया," मी म्हणाले.

"मी कुठं थांब म्हणते? जावा तुमी."

उतरल्या. मला वाटलं, आता याची खरडपट्टी निघणार, निदान नारळ तरी डोक्यात हाणतील. हाणला असता तर मला बरं वाटलं असतं. पण बाई त्याच्याकडं गेल्याच नाहीत. पुलाच्या कठड्यावर जाऊन बसल्या, नारळ मांडीवर घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिल्या. बालाजी हातात पाना धरून तसाच बसला होता. टेप बंद होता. मी घंटी दिली, गाडी निघाली, मागच्या काचेतनं दोघं दिसेनासे होईपर्यंत कुणी हललं नव्हतं.

धाराशिवला पोचले, प्रवासी भरले, परत निघालो. माझं तिकिटाकडं लक्ष नव्हतं. सुट्ट्यावरनं दोघांवर उगीच ओरडले. पूल जवळ आला तशी मी दारात जाऊन उभी राहिले. ट्रॅक्टर कडेला लावलेला होता, चाक बदलून झालेलं. बाई कठड्यापाशी उभ्या होत्या. जाधवकाकांनी मी न सांगता गाडी थांबवली.

"बाई!" मी ओरडले. "म्हणला का?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा रडलेला होता. आप्पांच्या तेराव्यालाही मी तो तसा बघितला नव्हता.

"म्हणला," त्या म्हणाल्या.

मधल्या वेळात तिथं काय झालं, ते मला ठाऊक नाही. बाईंनी सांगितलं नाही आणि बालाजीला विचारायला मी त्याच्याशी बोलत नाही. माझा राग गेलेला नाही, जायचाही नाही. मी एवढंच बघितलं, की बालाजी रस्त्यातला सगळ्यात मोठा धोंडा पोटाशी धरून, वाकून, एकेक पाऊल टाकत रस्त्याच्या खाली चालला होता, आणि गालावरनं ओघळणारं पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. पाण्याच्या चारीच्या काठाला जाऊन तो थांबला आणि वळून बाईंकडं बघितलं, इथं ठेवू का म्हणून.

"अजून लांब!" बाई ओरडल्या. शाल खाली धुळीत पडलेली, एका हातात नारळ, दुसऱ्या हाताचं बोट शेताकडं. "अजून लांब ने!"

आणि माझ्या भरलेल्या गाडीतनं, मी घंटी दिली नव्हती तरी, दोन माणसं उठून खाली उतरली आणि उरलेल्या धोंड्यांकडं गेली.